फणसाचा खांब

शाबानच्या सतराव्या दिवशी, भर दुपारी,
चौघांनी खांब आणून आमच्या अंगणात आडवा टाकला.
बाणकोटच्या खालच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा,
डावीकडून तिसरा.
बुडाशी वाळवी. जमातीने ठराव केला, सिमेंटचा घालू.
वहीत लिहिलं: जुना लाकडी खांब एक,
मुतालिब होडेकर यांस दिला, मजुरीत वळता.

मी त्या दाराच्या आत कधी गेले नव्हते.
चपला काढायच्या पायरीपर्यंत, डबा घेऊन, इतकंच.
आता खांबच बाहेर आला होता
आणि माझ्या वाळत घातलेल्या सोड्यांशेजारी पडला होता.

बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर
लाकूड गुळगुळीत, तेलकट, काळसर.
झैनुद्दीन बांगी तिथेच टेकून बसायचे,
बांगेची वेळ होईस्तोवर डोळे मिटून.
त्यांच्या मानेच्या जागी एक खळगा आहे.
मी त्यात बोट घातलं. गरम होता.
उन्हानं.

बाबा करवतीला धार लावत होते.
म्हणाले, त्या पहिल्या मशिदीचे खांब खजुराचे होते, ठाऊक आहे?
ठाऊक होतं. मी नाही म्हटलं.
त्यांना सांगायचं असलं की मी नाही म्हणते.

मदिनेत, ते म्हणाले, वर झावळ्यांचं छप्पर,
आपल्या मांगरासारखं. पाऊस आला की गळायचं.
एका पहाटे पैगंबरांच्या कपाळाला
सजद्याचा चिखल लागलेला लोकांनी पाहिला.
जुम्म्याला ते एका खोडाला टेकून बोलायचे.
माणसं वाढली. मागच्यांना दिसेना.
मग अन्सारांतली एक बाई म्हणाली,
माझ्याकडे सुतार आहे, बसायला काही करून देऊ?

तिचं नाव?

बाबांचा हात थांबला.
बाईचं नाव राहिलं नाही, म्हणाले. लाकडाचं राहिलं.
झाऊचं होतं. तीन पायऱ्या.

आणि ज्या दिवशी ते पायऱ्या चढले
त्या दिवशी मागे राहिलेलं खोड रडलं.
भरल्या दिवसांच्या सांडणीसारखं, कुणी सांगतं;
कुणी सांगतं मुलासारखं, कढ आवरेना असं.
सगळ्या मशिदीनं ऐकलं.
ते खाली उतरले, जवळ घेतलं,
हुंदके ओसरेपर्यंत धरून राहिले.
हन्नाना म्हणतात त्याला.

एवढं सांगून बाबा उठले, वितीनं मोजू लागले.
पठाणाला आखूड. वाकांना फार सरळ.
होडीच्या कामाचं नाही.
तुला रिहल करतो एक, मांडीवरच धरतेस अजून.
उरलं ते मय्यतीच्या पाटाला.

मी गेल्या वर्षापासून वाचते आहे, चाळिशीत,
ओळीखाली बोट धरून.
बांगीसाहेब एकदा डबा घेताना म्हणाले होते,
आधी हे सगळं विखुरलेलं होतं:
खजुराच्या देठांवर, उंटाच्या खांद्याच्या हाडांवर,
पातळ पांढऱ्या दगडांवर,
आणि माणसांच्या छातीत.
मग झाकण उघडून म्हणाले, आज बांगडा?

करवत आत गेली तेव्हा
भुसा पिवळाधमक उडाला, कालच तोडल्यासारखा.
आणि आवाज आला. लांब, खालच्या पट्टीतला.
शेजारची कोंबडी थबकली.
करवतीचाच असणार, म्हणाले बाबा,
फणस जुना झाला की कुरकुरतो.

मग करवत तशीच आत ठेवून
त्यांनी खांबावर हात ठेवला. बराच वेळ.
खाडीत भरती चढत होती,
ओढून ठेवलेल्या होड्यांचे बूड ओले व्हायला लागले होते.
मीही ठेवला. खळग्यात, मानेच्या जागी.

असरची बांग झाली. आवाज जरा उशिरा आला.
नव्या खांबाला म्हणे कागद चिकटवलाय:
ओला आहे, टेकू नये.